आधी बोट घालून बघा
(मेलबर्नच्या मंडळाच्या जुलै मेळाव्यातील भाषण, संपादित)

मंडळी, नमस्कार. "काकू, बागेवर दहा मिनिटं बोला," असं मला सांगितलंय. बाग म्हणजे काय, तर ठाण्यात नौपाड्यातली तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी. तोंड दक्षिणेला. 26 कुंड्या आणि एक कापलेला तेलाचा डबा, त्यात पुदिना.

इथे लेकीकडे आले आणि पहिल्याच सकाळी गोंधळले. सूर्य उगवतो पूर्वेलाच, पण आपल्यासारखा उजवीकडे सरकायच्या ऐवजी डावीकडे वळतो. मग लक्षात आलं, हे मी ठाण्यातही बघितलंय! मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत आपल्याकडेही भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. शून्य सावलीचे दोन दिवस येतात ना, त्यांच्या मधला हा काळ. तेव्हा ढग बाजूला झाले तरी माझ्या गॅलरीत ऊन येत नाही. आणि डिसेंबरात तेच ऊन पार दिवाणापर्यंत येऊन बसतं. कुठलं झाड कुठे ठेवायचं, पाणी किती घालायचं, हे त्यावर ठरतं.

मला हे कळायला एक मोगरा गमवावा लागला. मागे अशीच जूनमध्ये इकडे आले होते. किल्ली शेजारच्या वहिनींकडे. त्या अतिशय नेमाच्या. रोज सकाळी सगळ्यांना एकेक तांब्या. पंधरा दिवसांनी फोन, "अहो, मोगऱ्याची पानं पिवळी पडून मान टाकतायत." मी इथून शहाणपणा केला: "तहान लागली असेल, दोन तांबे घाला." परत गेले तर झाड हलवल्याबरोबर बुंध्यासकट हातात आलं. मुळं काळी, मातीला कुबट वास. पाणी कमी पडलं तरी पान मान टाकतं आणि मुळं कुजली तरी टाकतं. पावसाळ्यात ऊन नाही, हवा दमट, माती वाळणार कशी? त्यातून नैऋत्येचा पाऊस ग्रिलमधून थेट आत. चूक वहिनींची नव्हतीच, सूचना माझ्या होत्या.

आता निघण्याआधी माझं ठरलेलं असतं. ग्रिलमधली रांग पावसाच्या भरवशावर. आतली रांग वहिनींच्या. प्रत्येक कुंडीचं भोक स्वेटरच्या सुईने मोकळं करायचं. खालच्या थाळ्या काढून कुंड्या विटांवर. थाळी ठेवायचीच असेल तर आठवड्याला ओतून, घासून कोरडी करा; डासांची पिलावळ तेवढ्या पाण्यात आठ-दहा दिवसांत उडायला लागते. आणि वहिनींना एकच नियम: बोट दोन पेरं मातीत खुपसायचं. ओलं लागलं तर तांब्या परत घरात.

तुमचे आईवडील इकडे सहा महिने येतात तेव्हा मागच्या कुंड्यांचं हेच करा. आणि तुम्ही डिसेंबरात तिकडे जाता तेव्हा उलटं. हवा कोरडी, दक्षिणेच्या गॅलरीत ऊन खोलवर. लहान कुंड्या संध्याकाळपर्यंत खडखडीत होतात. पाणी सकाळी, भोकातून बाहेर येईपर्यंत. ज्या दिवशी घरी पोचाल त्या दिवशी पसरट ट्रेमध्ये मेथी पेरा. साधारण 25 दिवसांत खुडायला येते, म्हणजे महिन्याची रजा संपायच्या आत आईच्या हातची भाजी. कोथिंबिरीला थोडा धीर हवा. धणे हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, तरी उगवायला आठ-दहा दिवस घेते. जानेवारी अखेरपर्यंत राहणार असाल तर मोगऱ्याची छाटणी करूनच निघा. शेंडे कापायचे, जुनी पानं काढायची, मूठभर शेणखत द्यायचं आणि मार्चमध्ये कुंडी ग्रिलच्या टोकाला सरकवायची. आई म्हणेल, "बोडकं केलंस." म्हणू दे. गुलाबाची छाटणी मात्र पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरात. ती तुमच्या हाती लागत नाही.

इथल्या कढीपत्त्याबद्दल तिघांनी विचारलं. आत्ता पानं पिवळी पडून गळतायत, ते थंडीमुळे. झाड झोपलंय. घाबरून खत घालू नका, पाणीही अगदी बेतानं. दहिवरापासून जपा, रात्री भिंतीच्या आडोशाला किंवा घरात घ्या. सप्टेंबरनंतर ऊब आली की फुटतं.

येताना तुळशीच्या मंजिऱ्या पर्समध्ये टाकायचा फार मोह झाला होता. टाकल्या नाहीत. इथे बी-मातीचे नियम कडक आहेत आणि ते बरोबरच आहेत. तुम्हीही आईला आणायला सांगू नका.

काल वहिनींनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलाय. कुंडी दिसतच नाही, नुसतं चिखलानं माखलेलं बोट. खाली लिहिलंय, "ओली आहे. नाही घातलं."