मशीन चालू आहे, माणूस कुठाय?

हा कागद बघा. घड्या घालून घालून मधे फाटायला आलाय, कोपऱ्याला चहाचा डाग, आणि वर निळ्या पेनानं एक तारीख लिहिलीये. माझ्या आत्याचा एमआरआयचा फॉर्म आहे हा, आणि ज्या दिवशी हातात मिळाला त्या दिवसापासून ही तारीख सव्वा महिना लांब होती. तोपर्यंत तिनं तो पानाच्या चंचीत जपून ठेवला.

आत्या जत तालुक्यातली. द्राक्षबागेत कामाला जाते, विरळणी, डिपिंग, जे असेल ते. आधी कंबर धरली, मग डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या, आणि एक दिवस बांधावरून चालताना चप्पल निसटून मागं राहिली तरी तिला कळलंच नाही, तशीच अनवाणी चालत होती, मागनं येणाऱ्या बाईनं हाक मारली तेव्हा समजलं. डॉक्टरला एवढं सांगितलं तर त्यांनी लिहायचं थांबवलं आणि तिच्याकडं बघितलं. कारण पायाची जाणीव जाते म्हणजे मणक्यात नस दबत असेल, आणि नस फार दिवस दबून राहिली तर पुढं ऑपरेशन करूनसुद्धा पाय पहिल्यासारखा होईलच असं नाही. म्हणजे हा सव्वा महिना नुसता वाट बघण्यात जात नव्हता, तेवढ्यात पायसुद्धा जाऊ शकत होता.

बाहेर करा म्हणाल तर आम्हाला साडेपाच हजार सांगितले. आत्याची हजेरी तीनशे रुपये. आणि जन आरोग्य योजना आहे ना, असं लोक म्हणतात, तर ती मुख्यतः ॲडमिट झाल्यावरच्या उपचाराला लागते हो, नुसत्या केसपेपरवर लिहिलेल्या तपासणीचे पैसे आपल्याच खिशातनं जातात.

हॉस्पिटलचं नाव मी घेत नाहीये. एक मोठा सरकारी दवाखाना आहे, आपल्या सांगली-मिरजेकडचा, एवढंच. तिथल्या माणसांवर राग काढायला हा व्हिडिओ केलेला नाही, उलट तिथं जी थोडी माणसं उरलीत ती बघून मला जास्त वाईट वाटलं.

मिरजेला आपण आरोग्यपंढरी म्हणतो. 1894 साली डॉक्टर वानलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून लोक रेल्वेनं, बैलगाडीनं, आता एसटीनं येतायत, जत-आटपाडीचे तर येतातच पण अथणी, चिकोडी, विजापूरकडचे पण येतात. कॉरिडॉरमधे पाच मिनिटं उभं राहा, निम्मं कन्नड कानावर पडतं.

मला आधी वाटायचं मशीनच नसेल, किंवा बंद पडलं असेल. तसं नव्हतं, मशीन होतं आणि चालूही होतं. तिथल्या टेक्निशियननं मला दाराबाहेर उभं करून आवाज ऐकवला, चक चक चक चक असा बारीक, एका लयीत. म्हणाला हे रात्री पण असंच चालतं. एमआरआयचं चुंबक बंद करून ठेवता येत नाही, आत द्रवरूप हेलियम असतं, उणे 269 अंशाला, ते थंड ठेवायला कॉम्प्रेसर चोवीस तास वीज खातो, पेशंट आत असो नसो. म्हणजे रात्रभर मशीन जागं आणि खोली रिकामी.

मग रात्री का नाही करत? त्यानं कागदावर हिशोब मांडला. आठवड्याचे तास 168. एका माणसाची ड्यूटी 48 तास. म्हणजे नुसती एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायची तर साडेतीन माणसं लागतात, रजा, आजारपण धरलं की चार-पाच. आणि इथं ते दोघं. त्यातला एक अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, ऑर्डर संपली की पुन्हा नवी येईपर्यंत जीव टांगणीला. तिसरे होते ते रिटायर झाले, त्यांची जागा कागदावर आहे अजून.

पुढचा हिशोब मी घरी येऊन केला. एका पेशंटला अर्धा तास धरा, दिवसाला सोळा होतात. आता समजा रोज वीस जणांना लिहून दिलं, तर रोजचे चारच मागं राहतात, चार म्हणजे काहीच वाटत नाही, पण कामाचे पंचवीस दिवस झाले की ते शंभर होतात, पुढच्या महिन्यात दोनशे, आणि मग नवीन माणसाला दोन आठवडे नंतरची तारीख मिळते. त्यात रत्नागिरी-नागपूर हायवेवरचा ॲक्सिडेंट रात्री आला की सकाळी तो पेशंट आधी, आणि तो आधी गेलाच पाहिजे. सव्वा महिना अशानंच साठतो.

शिवाय माणूस म्हणजे फक्त टेक्निशियन नव्हे. अथणीचे एक आजोबा मला सीटीच्या बाहेर भेटले, उपाशीपोटी आलेले, पोटाचा सीटी होता, शिरेतनं औषध देऊन करायचा. त्याला आधी किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात. यांचं रक्त गेलं होतं पण रिपोर्ट आणायला मामा, म्हणजे वॉर्डबॉय, नव्हता, तीन वॉर्डांना मिळून एकच मामा, तो स्ट्रेचर घेऊन गेलेला. रिपोर्ट आला दीड वाजता, तोपर्यंत सुई लावणारी सिस्टर वॉर्डात परत गेली होती. आजोबांना पुन्हा तारीख. स्कॅन आत पाच-दहा मिनिटांचा असतो! आणि झाला तरी त्यातल्या शेकडो चित्रांवरनं नजर फिरवून रिपोर्ट लिहायला रेडिओलॉजिस्ट लागतो, आणि या ब्रँचला बाहेर एवढी मागणी आहे की सरकारी पगारावर ते टिकत नाहीत.

सोनोग्राफीचं आणखी वेगळं. तिथं टेक्निशियनला प्रोब हातात घेऊन तपासणी करताच येत नाही, 1994 च्या गर्भलिंग निदान कायद्यानं नोंदणी झालेला डॉक्टरच लागतो, गरोदर बाई असेल तर एफ फॉर्म भरावा लागतो. आणि हा कायदा पाहिजेच, आपल्याच मिरज तालुक्यात म्हैसाळला 2017 मधे 19 भ्रूण पुरलेले सापडले होते, आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पण मग त्या एका डॉक्टरची रजा पडली की दाराला कुलूप, आणि सातव्या-आठव्या महिन्यातल्या बायका बाहेर जमिनीवर बसलेल्या. कायदा कडक करायचा तर डॉक्टरची जागा रिकामी ठेवून कसं चालेल, हे मला खरंच कळत नाही.

आत्याची तारीख आली त्या दिवशी आम्ही पहाटेच्या गाडीनं निघालो. 80-90 किलोमीटर, ती पूर्ण वेळ पाय चोळत बसलेली. नंबर लागला साडेबाराला. आत जाताना अंगावर धातू चालत नाही, तिनं मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं. जोडवी निघेनात. वर्षानुवर्षं घातलेली, बोटं सुजलेली. मावशींनी साबण लावला, पिळून ओढली, आणि डाव्या पायाच्या बोटाची कातडी सोलली गेली, रक्त आलं.

आत्या विचारत होती, "निघालं का गं?"

तिला काहीच जाणवलं नव्हतं. टेक्निशियन दारात उभा राहून बघत होता. काही बोलला नाही. पण स्कॅन झाल्यावर रिपोर्ट परवा न्या असं न सांगता तो स्वतः वर रेडिओलॉजिस्ट मॅडमकडं गेला, त्याचा डबा तसाच टेबलावर राहिला होता, आणि संध्याकाळी पाचच्या आत रिपोर्ट आमच्या हातात होता. दोन मणक्यांच्या मधली गादी सरकलेली, नस दबलेली. ऑर्थोच्या डॉक्टरांनी तिथंच ॲडमिट करून घेतलं.

तो वर गेला ती वीस मिनिटं मशीन थांबलं होतं, कारण दुसरा कुणी नव्हता. बाकावर अकरा जण बसले होते. कुणी कुरकुर केली नाही. खाली आल्यावर त्यानं पुढचं नाव पुकारलं, शिराळ्याची एक मुलगी होती, आईच्या मांडीवर झोपून गेलेली, आईनं तिला हलवून उठवलं आणि म्हणाली, "चल, आपला आला."