अंक पेटीवर ठेवून बघा

(कुडाळच्या एका महाविद्यालयात, संगीताचा अंक काढायला निघालेल्या मुलामुलींसमोर केलेलं हे व्याख्यान. बोलताना झालेली पुनरुक्ती काढून, थोडी डागडुजी करून इथे दिलं आहे.)

बसा, बसा. पंख्याखाली अजून जागा आहे मागे.

तुमच्या सरांनी फोनवर विषय सांगितला, 'संगीताच्या अंकाची मांडणी आणि सुधारणा'. मी म्हटलं, येतो, पण एक पेटी लागेल. सर जरा दचकले, म्हणाले, तुम्ही गाणार काय? घाबरू नका, गाणार नाही. पेटी या अंकासाठी मागवली आहे. मी तुमच्या वयाचा असताना आम्ही पाच-सहा जणांनी हा अंक काढला होता. ऐंशी पानं, गुळगुळीत आर्ट पेपर, चौकोनी पाठ, पाठीवर अंकाचं नाव. कपाटात उभा केला की ग्रंथ वाटायचा. आता हा मी पेटीवर उघडून ठेवतो. पान चाळीस. हात सोडला. बघा, मिटला!

हसू नका. आम्ही हा अंक भजनीबुवांसाठी काढला होता. त्यातली बंदिश समोर ठेवून त्यांनी वाजवावी, ही कल्पना. बुवांचा एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर, आणि अंक धरायचा कशाने? एका बुवांनी शेवटी वर नारळ ठेवला. पाठ उकलली, पानं सुटली.

डिंकाची बांधणी ताठ असते, ती पान मिटवूनच घेते. सेंटर पिन, म्हणजे मधल्या घडीत पिन, मारलेला अंक बराचसा सपाट उघडा राहतो आणि स्वस्तातही पडतो. फक्त एक कागद दुमडला की चार पानं होतात, म्हणून पानसंख्या चारच्या पटीत ठेवावी लागते. हे आधीच भिंतीवर लिहून लावा. नाहीतर शेवटच्या रात्री कुणीतरी कविता घेऊन येतं, 'दादा, एवढी घ्याच', आणि बत्तीसची तेहतीस पानं होतात. मग उरलेली तीन कोरी पानं भरायला वर्गणीदारांची यादी.

आता मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच अंकाच्या एका पानाबद्दल. भैरवमधली तीनतालातली बंदिश. अंक छापून आला, मी अभिमानाने बुवांकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावला, दोन ओळी पेटीवर वाजवल्या, थांबले, परत वाजवल्या. म्हणाले, 'अरे झिला, ह्यो भैरव खंयचो? ह्यो बिलावल आसा!'

झालं काय होतं ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या डमीत, म्हणजे छपाईआधीच्या या नमुना अंकात, हेच होऊ घातलंय. स्वर लिहून ठेवायच्या भातखंडे पद्धतीत कोमल, म्हणजे किंचित उतरलेल्या, स्वराच्या खाली आडवी रेघ येते. भैरवात रे आणि ध कोमल. आम्ही मजकूर जुन्या फॉन्टात टाइप केला होता, त्यात रेघवाला रे ही वेगळी कळ होती. छापखान्यात मजकूर दुसऱ्या फॉन्टात बदलला. अक्षरं आली, रेघा राहिल्या तिकडेच. रेघा गेल्या म्हणजे रे शुद्ध, ध शुद्ध, आणि सातही स्वर शुद्ध झाले की तो बिलावलचा थाट, म्हणजे स्वरांचा साचा. आम्ही प्रूफ तीनदा वाचलं होतं. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती! वाचलं सगळ्यांनी, वाजवलं कुणीच नाही.

आज युनिकोड आहे, तेव्हा ती कळ गेली. पण खोड गेलेली नाही. तुमच्यातल्या कुणीतरी 'रे' आणि 'ध' निवडून अंडरलाइनचं बटण दाबलंय. ते दोन शेजारी आले की मधली मोकळी जागाही अधोरेखित होते आणि सलग रेघ दिसते. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, स्वराला खाली टिंब लागतं, त्यासाठी तुम्ही नुक्ता, अक्षराखालचं टिंब, वापरलाय, आणि ही रेघ बरोबर त्या नुक्त्यावरून जाते. तार, म्हणजे वरच्या, सप्तकाचं टिंब म्हणून अनुस्वार दिलाय. 'सां' ठीक दिसतो, मान्य. पण टिंब शिरोरेघेला इतकं चिकटतं की दोन फुटांवरून दिसत नाही, आणि पेटीवरचा कागद डोळ्यांपासून साधारण तेवढाच लांब असतो. उपाय कंटाळवाणा आहे, पण एकच आहे: कोष्टक करा. एका मात्रेला एक घर. रेघ त्या घरातल्या अक्षरापुरती, आणि टिंबाला तिच्याखाली स्वतंत्र जागा.

दुसरी गंमत पानाच्या रुंदीची. तुमचा अंक ए-पाच आकाराचा, म्हणजे रुंदी १४८ मिलिमीटर. दोन्हीकडे पंधरा-पंधराचा समास सोडला की उरले ११८. तीनतालाच्या सोळा मात्रा एका ओळीत बसवल्या तर मात्रेला साडेसात मिलिमीटरसुद्धा मिळत नाहीत. एका मात्रेत दोन स्वर आणि त्यांना जोडणारी तळाची चंद्रकोर आली की गर्दी. मग संगणक स्वतःच्या अकलेने ओळ तोडतो. तुमच्या डमीत ती अकराव्या मात्रेवर तुटलीय. अकराव्या मात्रेवर ना टाळी ना खाली (टाळी न देता हात नुसता सोडायची मात्रा)! आठ-आठ मात्रांच्या दोन ओळी करा, घराला पावणेपंधरा मिलिमीटर मिळतील. आणि बंदिश खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उठत असेल, तर वरची ओळ खालीपासूनच सुरू करा: वरच्या ओळीत शून्य, म्हणजे खालीची खूण, आणि तिसरी टाळी; खालच्या ओळीत सम, म्हणजे पहिली मात्रा, आणि दुसरी टाळी. पान वाचणाऱ्याचा डोळा आणि गाणाऱ्याचा श्वास मग एकाच ठिकाणी वळतात.

याच्या पोटात आणखी एक काटा आहे. नोटेशनच्या, म्हणजे स्वरलेखनाच्या, पद्धती दोन. एक भातखंड्यांची आणि एक पलुसकरांची, म्हणजे ज्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं त्या विष्णु दिगंबरांची. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक. पलुसकर पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, आणि तार सप्तकाला उभी रेघ. तुमच्या अंकात पान बाराची बंदिश एका बाईंनी दिलीय आणि पान वीसची एका बुवांनी, दोघांच्या वह्या वेगळ्या परंपरेतल्या. तुम्ही जशा आल्या तशा टाइप केल्यात. म्हणजे आठ पानांच्या अंतरात तेच टिंब वरच्या सप्तकातून खालच्या सप्तकात उतरलंय! कुठली पद्धत घ्यायची ते तुम्ही ठरवा, माझा आग्रह नाही. पण एकच घ्या, आणि दुसऱ्या पानावर चार ओळींत खुणांचा खुलासा द्या. अंकाची शिस्त म्हणजे सगळी शीर्षकं निळ्या रंगात, असा एक समज आहे. संगीताच्या अंकात ती टिंबापासून सुरू होते.

रकान्यांबद्दल. आपल्याच जिल्ह्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केलं. त्याच्या पानावर दोन रकाने असत, एकात मराठी, शेजारच्यात इंग्रजी. दोन भाषांचे वाचक, म्हणून दोन रकाने, कारण समजतं. तुमच्या डमीत तीन रकाने आहेत. मी संपादक बाईंना मघाशी विचारलं, का? त्या म्हणाल्या, 'टेम्पलेटमध्ये होते.' ए-पाचच्या पानावर तीन रकाने म्हणजे 'पखवाजवादनातील' एवढा एक शब्द आला की ओळ संपली. एक रकाना ठेवा. छोट्या बातम्यांच्या पानाला फार तर दोन. आणि टेम्पलेट रोमन लिपीसाठी बनलेलं असतं. ते बारा पॉइंटच्या अक्षराला साडेचौदाच्या आसपास ओळीची उंची देतं. आपल्याला वर वेलांटी, रफार, मात्रा आणि खाली उकार. वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात अडकतो. सतरा-अठरापर्यंत जा. 'मुक्ता'सारखा फुकट मिळणारा चांगला फॉन्ट घ्या आणि अख्ख्या अंकात तोच वापरा. शीर्षकाला त्याचंच ठळक वजन पुरतं.

मुखपृष्ठावर मी फार वेळ घालवणार नाही, कारण तुम्ही आधीच सगळा वेळ तिथेच घालवलाय. तुमच्या पहिल्या मसुद्यावर इलेक्ट्रिक गिटार आहे. कॉलेजात गिटार किती जण वाजवतात? एक? तो आज आलाय का? नाही ना! आत डबलबारीवर, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यावर, आठ पानं, जाखडी नाचावर चार, दशावतारी नाटकाच्या संगीतावर सहा, आणि बाहेर गिटार. दुसऱ्या मसुद्यात पखवाज आला, ते उत्तम. पण तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलाय. हा १६०० पिक्सेलचा आहे. छपाईला इंचाला तीनशे पिक्सेल धरा; सोळाशेला तीनशेने भागलं की सव्वापाच इंच. तुमचं पान सव्वाआठ इंच उंच. पखवाजाच्या वाद्या, त्या चामड्याच्या पट्ट्या, धुरकट येतील. ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागवा, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. आणि फोटो कापायच्या रेषेच्या बाहेर तीन मिलिमीटर जाऊ द्या, नाहीतर कटिंगला कडेला पांढरा दोरा राहतो.

मधल्या जोडपानावर तुम्ही शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे दोन फळ्यांतल्या गाण्यांच्या सामन्याच्या, शाहिरांची मुलाखत घेतलीय. मुलाखत झकास आहे. फोटो मात्र असा लावलाय की शाहिरांचं नाक बरोबर घडीत. पिन त्यांच्या कपाळातून जाणार. फोटो पूर्ण डावीकडे घ्या. मजकुरात त्यांचं बोलणं तुम्ही 'सुधारलं' आहे, ते मला खटकलं. तो माणूस 'मी सदर कलाप्रकार जोपासत आहे' असं म्हणालेला नसणार. रेकॉर्डिंग परत ऐका आणि त्यांचं त्यांना परत द्या. आणि त्यांच्या वहीतली गाणी छापताय, तर आधी विचारलंय का? कॉपीराइट कायद्याने गाणं लिहिणाऱ्याचं असतं, त्याच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं. पण कायदा बाजूला ठेवा. नवीन गाणं समोरच्या फळीला आधीच कळलं तर बारीची, म्हणजे सामन्याची, मजाच गेली. त्यांना विचारा, कुठलं छापू.

कागद. अंक गणपतीच्या आधी हवा, कारण चाकरमानी येतात, घराघरात भजनं असतात. म्हणजे छपाई श्रावणात. आपल्याकडच्या त्या हवेत पापडसुद्धा ताठ राहत नाही. आर्ट पेपरची पानं दमटात एकमेकांना चिकटतात. आमच्या अंकाची पंधरा-वीस पानं अशीच सोलून काढावी लागली होती. आत साधा मॅपलिथो घ्या. चकाकी नाही, पण दिव्याखाली चमकतही नाही, आणि बुवांना त्यावर पेन्सिलीने खुणा करता येतात. छपाईनंतर शाई वाळायला दोन दिवस जास्त सोडा. छापखानेवाल्याला घाई केलीत तर समोरच्या पानावर उलटी अक्षरं उमटतील.

आता सुधारणा म्हणजे काय, तर तुम्ही डमी वीस जणांना दाखवलीत आणि विचारलंत, 'कसा वाटला?' वीसही जण 'छान' म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तुमच्या कॅन्टीनवाल्या काकांना मघाशी मी डमी दिली आणि म्हटलं, यात डबलबारीचं कुठे आहे ते काढा. ते अनुक्रमणिकेवर थांबले, चष्मा वर केला, खाली केला, मग मागून पानं उलटायला लागले. अनुक्रमणिकेतले आकडे राखाडी रंगात आणि आठ पॉइंटमध्ये आहेत, आणि आतल्या पानांवर पानाचा आकडा घडीच्या बाजूला. तो बाहेरच्या कोपऱ्यात आणा. या एका मिनिटात जे कळलं ते त्या वीस 'छान'मधून कळलं नव्हतं. असं काम द्या आणि गप्प बसून अंगठा कुठे अडतो ते बघा. प्रत्येक फेरीला माणूस वेगळा. एकदा गाणारा, एकदा न गाणारा, एकदा चाळिशी लागलेला.

बरं. माझं बोलणं खूप झालं. तुमचे बुवा आलेत, मागे दाराशी उभे आहेत. या बुवा, बसा पेटीवर. डमी कुणाकडे आहे? पान बारा उघडा आणि वर ठेवा. नाही, तू धरू नकोस. हात काढ.