फिनचा शेंडा वाकतो तेव्हा

मित्रहो, सर्फबोर्डच्या शेपटीखाली बसणारी ही फिन, म्हणजे माशाच्या परासारखी पट्टी, हातात घ्या. बूड घट्ट धरा आणि शेंडा अंगठ्याने दाबा. हलतच नाही, बरोबर? आता ही दुसरी दाबून पाहा. दोन्ही एकाच आकाराच्या, एकाच फायबरग्लासच्या, म्हणजे काचेच्या कापडाचे थर रेझिन या कडक होणाऱ्या चिकट द्रवाने जोडून केलेल्या. दुसरीचा शेंडा मी पॉलिश पेपरने घासून पातळ केला आहे, एवढाच फरक.

1935 मध्ये अमेरिकन सर्फर टॉम ब्लेक यांनी स्पीडबोटीच्या तळाची पट्टी काढून सर्फबोर्डखाली बसवली, ती बोर्डाची शेपटी घसरू नये म्हणून. त्या कामाला ताठ पट्टी पुरेशी होती. साठच्या दशकात जॉर्ज ग्रीनो या दुसऱ्या अमेरिकन सर्फरनी मात्र ट्यूना माशाच्या शेपटीकडे पाहिलं. ती बुडाशी भक्कम आणि टोकाकडे अरुंद, लवणारी असते. वळणात पाणी दाबायला लागलं की असा शेंडा झुकतो, किंचित पिळतोही, आणि दाब सुटला की परत सरळ होतो. ते सरळ होणं तळपायाला कळतं. मला ही गोष्ट फार प्रिय आहे, म्हणून आज याच विषयावर बोलतोय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी 10 टक्क्यांनी उतरवली तर ताठपणा जवळपास 27 टक्क्यांनी घटतो. 20 टक्क्यांनी उतरवली तर तो निम्म्यावर येतो. शिवाय वाकताना सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या थरांवर असतो, आणि आपण घासतो नेमके तेच. म्हणून चार हात मारा, थांबा, दाबून पाहा. गेलेला थर परत येत नाही. माझी पहिली फिन घाईत घासली गेली आणि वळणात तिचा आधारच वाटेना.

बुडाला हात लावू नका. काही स्वस्त प्लॅस्टिकच्या फिन बुडापासूनच लवतात, तेव्हा बोर्ड वळायला उशीर करतो. तो लवचीकपणा आपल्याला नकोच आहे. वरचा एक तृतीयांश भाग घ्या आणि शेंड्याकडे जाताना हळूहळू पातळ करत न्या. मधली फिन दोन्ही बाजूंनी सारखी घासा. बाजूच्या फिनची आतली बाजू सपाट असेल तर ती तशीच ठेवा आणि फुगीर बाजूच उतरवा. घासताना कापडाचे थर नकाशावरच्या समोच्चरेषांसारखे दिसू लागतात. मला ही खूण मोजपट्टीपेक्षा जास्त उपयोगी पडते. रेषा वेड्यावाकड्या झाल्या, तर तिथे हात जास्त चाललाय. पुढची कड गोल राहू द्या.

काचेची धूळ छातीत जाऊ देऊ नका. चांगला मास्क लावा आणि वॉटर पेपरने पाणी लावूनच घासा. शेवटी उघड्या पडलेल्या कापडावर रेझिनचा पातळ हात द्या.

डावी-उजवी जोडी असेल तर अंगठ्याच्या अंदाजावर विसंबू नका. बूड शिकंज्यात आडवं धरा, शेंड्याला ठरावीक वजन टांगा आणि तो किती खाली आला ते मागच्या कागदावर टिपा. दुसऱ्या फिनला तेच वजन, तीच जागा. आकडे जुळले नाहीत, तर कमी लवणारी फिन थोडी आणखी घासायची. या, पुढे येऊन ही जोडी स्वतः दाबून बघा.