शिक्षा कोणत्या वजनावर?

हा नखाएवढा कागदाचा तुकडा बघा. याला ब्लॉटर म्हणतात, यात एलएसडीचा, म्हणजे भास घडवणाऱ्या एका ड्रगचा, एक डोस जिरवलेला असतो आणि जे काही वजन आहे ते जवळपास सगळं कागदाचंच.

1991 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे असेच 1000 डोस आले होते. कागदासकट 5.7 ग्रॅम, आतलं एलएसडी फक्त 50 मिलिग्रॅम. तिथला कायदा 1986 चा, 1 ग्रॅमच्या वर गेलात की किमान 5 वर्षं आत. कागदाचं वजन धरणं घटनेच्या विरोधात आहे असं आरोपीचं म्हणणं होतं, पण 7 विरुद्ध 2 मतांनी कोर्ट म्हणालं, कागद धरायचा.

आता आपल्याकडे या. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात एलएसडीची 'अल्प मात्रा' 2 मिलिग्रॅमपर्यंत, शिक्षा जास्तीत जास्त 1 वर्ष, आणि 100 मिलिग्रॅमच्या वर गेलं की 'व्यापारी मात्रा', म्हणजे किमान 10 वर्षं, वर जामीनही महाकठीण. वरच्याच हिशोबाने असे 18 तुकडे धरा. आतलं एलएसडी 1 मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही, पण कागद मोजला की आकडा 100 च्या पार! आणि मुंबई हायकोर्टाने 2021 मध्ये कागद मोजायचा असंच सांगितलंय. एकाच मुद्देमालावर 1 वर्ष की 10 वर्षं, हे फक्त तराजूत काय ठेवलं यावर ठरणार, हे मला तरी न्याय वाटत नाही.

2008 मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने शुद्ध ड्रगच धरलं होतं. त्या केसमध्ये पावडर 4 किलोच्या वर आणि हेरॉइन जेमतेम 60 ग्रॅम, म्हणून 10 वर्षांची शिक्षा 6 वर आली. पुढच्याच वर्षी केंद्राने अधिसूचना काढली की अख्खं मिश्रण धरा, तिला आव्हान दिलं गेलं आणि 2020 मध्ये तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने ती वैध ठरवली. कोर्टाचं म्हणणं, बाजारात शुद्ध माल विकलाच जात नाही, भेसळीचाच विकतात आणि नुकसानही तोच करतो. मुद्दा खोटा नाही, पण हेरॉइनमध्ये मिसळलेली पावडर आणि डोस वाहून नेणारा कागद एकाच मापाने कसे काय मोजायचे? आज लॅबमध्ये शुद्धतेची टक्केवारी काढता येते, तरी शिक्षेचा टप्पा ठरवताना त्या टक्केवारीला काही किंमत नाही, आणि 10 वर्षांच्या खाली यायची मुभा जजला नाहीच.

सक्तीच्या फाशीबाबत कोर्टाने हेच चालवून घेतलं नव्हतं. 1983 मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने भादंविचं कलम 303 (जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर फाशीच) रद्द केलं, कारण फाशी सोडून दुसरा पर्यायच जजच्या हातात ठेवला नव्हता. 2011 मध्ये मुंबई हायकोर्टाने एनडीपीएसमधली सक्तीची फाशीही जजच्या विवेकावर सोपवली, आणि 2014 मध्ये संसदेने तसा कायदाच बदलला.

मात्रांचे आकडे बदलायला तर संसदेतही जावं लागत नाही, ते केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवतं. ब्लॉटरसाठी एक वेगळी ओळ त्यात घालता येते, आज घालता येते.