स्वस्त सेन्सरवर सिंचनाचा निर्णय सोपवण्यापूर्वी

नमस्कार. जगभरात उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी शेतीसाठी वापरले जाते, आणि तरीही पाणीपाळी कधी द्यायची हे बहुतेक वेळा जमिनीचा वरचा थर पाहूनच ठरते. मुळांजवळ वाफसा आहे की नाही, हे त्या थरावरून कळत नाही. तिथला ओलावा घरबसल्या पाहण्याची साधने आता स्वस्त झाली आहेत. मात्र ती कशी निवडावीत आणि कुठे बसवावीत, याकडे फार कमी लक्ष दिले जाते.

सर्वांत स्वस्त सेन्सर दोन उघड्या धातूच्या दांड्यांमधला विद्युतरोध मोजतो. विद्युतप्रवाहामुळे या दांड्या ओल्या मातीत लवकर झिजतात, म्हणून तो मी सुचवणार नाही. मातीची विद्युतभार साठवण्याची क्षमता मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर थोडा महाग असला तरी घ्यावा. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक (म्हणजे ही क्षमता दाखवणारा आकडा) सुमारे ८० आणि कोरड्या मातीचा ३ ते ५ असतो. या मोठ्या तफावतीमुळेच साध्या सर्किटलाही ओलावा ओळखता येतो. चिकणमाती आणि क्षार मात्र आकडा बदलतात, त्यामुळे मातीचा नमुना १०५ अंश सेल्सिअसला वाळवून, आधीच्या व नंतरच्या वजनातून निघणाऱ्या ओलाव्याशी सेन्सरचे वाचन एकदा तरी पडताळून पाहावे.

शक्य असल्यास एक सेन्सर मुळांच्या थरात आणि दुसरा त्याखाली बसवावा, आणि दोन्हींभोवती माती घट्ट दाबावी, कारण हवेची पोकळी राहिली तर वाचन फसवे येते. पाणी दिल्यावर खालच्या सेन्सरचा आकडा वाढू लागला, तर पाणी मुळांना ओलांडून चालले आहे आणि पाळी आवरती घ्यायला हवी, हे लगेच समजते. एवढी एक माहितीसुद्धा माझ्या मते सगळा खर्च सार्थ ठरवते.

वाचन पाठवण्यासाठी कमी विजेवर लांबपर्यंत संदेश पोचवणारा लोरा रेडिओ पुरतो. अँटेना तेवढा पिकाच्या वर ठेवावा.

चारीतले पाणी मोजताना अधिक जपावे लागते. चारीत आडव्या बसवलेल्या फळीच्या त्रिकोणी खाचेवरून वाहणारा प्रवाह पाण्याच्या उंचीच्या अडीचाव्या घातानुसार वाढतो, म्हणजे उंची १० टक्क्यांनी चुकली तर प्रवाह सुमारे २७ टक्क्यांनी चुकतो. त्यातच ही उंची मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर ध्वनी पाण्यावर आदळून परत येण्याच्या वेळेवरून अंतर काढतो, आणि हवेत ध्वनीचा वेग २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, तर ४० अंशांना सुमारे ३५५ मीटर असतो. तापमानाची दुरुस्ती नसलेला अल्ट्रासॉनिक सेन्सर पाण्यापासून एक मीटर वर असेल, तर भर दुपारी तो पातळी तीन सेंटीमीटरहून अधिक चढी दाखवू शकतो. म्हणून त्याच्यासोबत तापमानाचा सेन्सर जोडावा, आणि चारीत साधी मोजपट्टी उभी करून दर आठवड्याला दोन्ही आकडे ताडून पाहावेत.