घरात एकापेक्षा जास्त फोनलाइनी घेताना

श्रोतेहो, नमस्कार.

घरात किती फोन हवेत असं विचारलं, की बहुतेक जण खोल्या मोजतात. स्वयंपाकघरात एक, आजोबांच्या खोलीत एक, वर अभ्यासाच्या खोलीत एक. त्यातून फोनसंच किती घ्यायचे ते कळतं. लाइनी किती घ्यायच्या, हे मात्र एकाच वेळी किती जण बाहेर बोलणार यावर ठरतं. एका लाइनवर पाच फोन पॅरलल जोडले, तरी बोलणं एकच होणार. दुसऱ्यानं रिसीव्हर उचलला की तो पहिल्याच्याच संभाषणात शिरणार. शिवाय घंटा वाजवायची वीज त्या लाइनवरूनच येते, त्यामुळे जुन्या घंटेचे फोन फार झाले की घंटा क्षीण होते, कधी वाजतच नाही.

दिवसभर फोनवर काम करणारं एक माणूस आणि डॉक्टरांच्या फोनची वाट पाहणारं दुसरं, अशा घराला दोन लाइनी पुरतात. घरातच दवाखाना किंवा ऑफिस असेल, तर तीन किंवा चार. पहिली लाइन एंगेज असली की आलेला फोन आपोआप दुसरीवर वळवण्याची सोय सेवा देणाऱ्या कंपनीकडे मागता येते. ती जरूर मागा. फोन करणाऱ्याला तुमचा एकच नंबर लक्षात ठेवावा लागतो.

आता भिंतीतली वायर पाहू. तांब्याच्या प्रत्येक लाइनला दोन तारा लागतात. पुष्कळ घरांत केबलमध्ये चार तारा घातलेल्या असतात आणि त्यातल्या दोन नुसत्या पडून असतात. दुसरी लाइन त्यांच्यावर येऊ शकते, भिंत फोडावी लागत नाही. फोनच्या त्या छोट्या सॉकेटमध्ये मधल्या दोन पट्ट्या पहिल्या लाइनच्या, त्यांच्या बाजूच्या दोन दुसरीच्या. नवा दोन लाइनींचा फोन आणून जुनी दोन तारांची दोरी लावली, तर दुसरी लाइन लागणारच नाही. फोन बिघडलाय समजून दुकानात परत नेण्याआधी दोरीच्या टोकाशी किती तारा दिसतात ते बघा.

यंत्रणेचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिला, दोन किंवा चार लाइनींचे फोनसंच. यांना वेगळी पेटी लागत नाही, पण प्रत्येक संचापर्यंत सगळ्या लाइनी न्याव्या लागतात. दुसरा, कॉर्डलेस. एक बेस आणि त्याच्याशी जोडलेले हँडसेट. डेक्ट (DECT) या, कॉर्डलेस फोनसाठीच्या खास रेडिओ पद्धतीचे घ्या, असं मी आवर्जून सांगेन. त्यांच्या लहरी 1900 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, म्हणून वायफायशी त्यांचं भांडण होत नाही, 2.4 गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या कॉर्डलेसचं होतं. काही बेस ब्लूटूथवरून मोबाइललाही जोडले जातात, आणि मोबाइल खाली राहिला तरी त्यावरचा फोन वरच्या खोलीतल्या हँडसेटवर घेता येतो. पण हँडसेट सहा असले म्हणजे सहा लाइनी झाल्या असं नाही. बेसला बाहेरच्या लाइनी किती जोडता येतात, हे खोक्यावर वेगळं वाचा.

तिसरा प्रकार म्हणजे ईपीएबीएक्सची पेटी, म्हणजे घरातलंच छोटं एक्स्चेंज, समजा 3 बाहेरच्या लाइनी आणि 8 एक्स्टेन्शन, म्हणजे खोल्यांतले फोन. खोलीतून खोलीत बोलणं, फोन होल्डवर ठेवणं, दुसऱ्याकडे ट्रान्सफर करणं, दारावरचा इंटरकॉम जोडणं, सगळं हिच्यात होतं. हेच काम इंटरनेटवरूनही होतं. एका संभाषणाला दोन्ही दिशांना सेकंदाला साधारण 90 किलोबिटची वाट पुरते. अडचण येते ती आवाज उशिरा पोहोचण्याची. 150 मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की माणसं एकमेकांच्या बोलण्यात बोलू लागतात. राउटरमध्ये फोनला अग्रक्रम देता येतो, तो देऊन ठेवा. आणि अशा यंत्रणेचा पासवर्ड कच्चा ठेवू नका, कारण तो फोडून तुमच्या खर्चानं परदेशी फोन करणारे चोर असतात.

वीज गेली तर काय, हा प्रश्न दुकानदार क्वचितच काढतो. तांब्याच्या लाइनवरच्या साध्या फोनला एक्स्चेंजकडून सुमारे 48 व्होल्टची वीज मिळते, म्हणून घरात अंधार असला तरी तो चालतो. कॉर्डलेसचा बेस, राउटर आणि फायबरचं घरातलं यंत्र मात्र वीज जाताच बंद पडतात. म्हणून तांब्याची लाइन असेल तर एक दोरीचा फोन तिच्यावर थेट ठेवा, नसेल तर राउटर आणि फायबरच्या यंत्राला बॅटरीचा आधार द्या. ईपीएबीएक्स घेताना विचारा, वीज गेल्यावर बाहेरची लाइन एखाद्या एक्स्टेन्शनला थेट जोडली जाते का? बऱ्याच पेट्यांत ही सोय असते. ते एक्स्टेन्शन घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या उशाशी हवं.

याहून महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. बाहेर फोन लावण्याआधी 0 किंवा 9 दाबायची सवय या पेट्या लावतात. 2013 मध्ये अमेरिकेत एका हॉटेलच्या खोलीत आईवर हल्ला झाला असताना नऊ वर्षांच्या मुलीनं मदतीसाठी 911 हा तिथला तातडीचा नंबर पुन्हापुन्हा फिरवला. आधी 9 दाबावा लागतो हे तिला ठाऊक नव्हतं. फोन लागला नाही, आई वाचली नाही. त्यानंतर 2018 मध्ये तिथे कायदा झाला, की अशा बहुलाइन यंत्रणेतून तातडीचा नंबर थेट लागलाच पाहिजे. तुमच्याकडे असा कायदा असो वा नसो, पेटी बसवणाऱ्याकडून हे करून घ्या. घाबरलेलं मूल किंवा आलेला पाहुणा आधीचा आकडा कुठून आठवणार? इंटरनेटच्या फोनवर तुमचा पत्ताही कंपनीकडे बरोबर नोंदवा, कारण मदत त्याच पत्त्यावर निघू शकते. घर बदललं की तो बदलायला विसरू नका.

जुना नंबर नव्या कंपनीकडे न्यायचा असेल, तर नंबर तिकडे पोहोचेपर्यंत जुनी लाइन बंद करू नका. आधी बंद केली तर नंबर हातचा जाऊ शकतो. सगळं बसवून झालं की बसवणारा घरात असतानाच प्रत्येक खोलीतून एकेक फोन लावून पाहा, मग मेन स्विच बंद करून, वीज नसतानाही चालायला हवेत ते फोन पुन्हा लावून पाहा. जो लागणार नाही, तो त्याच्याकडून तेव्हाच दुरुस्त करून घ्या.

नमस्कार.