सावकाराला कोठडी, कंपनीला परिपत्रक

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'कर्जवसुलीतला जाच आणि कायदा'. कायद्यावर येणारच आहे, पण आधी सुप्याला जाऊ. ज्यांना फक्त कलमं हवी आहेत त्यांनी शेवटच्या दहा मिनिटांना जागं व्हावं.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजारपेठेचं गाव. आसपासचे शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. मागणी एकच, खतं म्हणजे कर्जरोखे, आणि हिशेबाच्या वह्या बाहेर काढा. हाती लागली ती जाळली. धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरांना आगी लागल्या, हेही झालं. पण नंतर नेमलेल्या सरकारी आयोगालाच दिसलं, की जिथे सावकाराने मुकाट्याने कागद दिले तिथे सहसा पुढे काही घडलं नाही. राग माणसापेक्षा कागदावर होता.

कागदावर का? इथे मी जरा रेंगाळणार आहे. १८५९ मध्ये सरकारने मुदतीचा कायदा केला. कर्जरोख्यावर दावा लावायचा तर तीन वर्षांत लावा. हेतू चांगला, व्याज वर्षानुवर्षं साचू नये. सावकाराने काय केलं? दर तीन वर्षांनी जुनं खत मोडून नवं लिहून घेतलं. थकलेलं मुद्दल आणि थकलेलं व्याज यांची बेरीज म्हणजे नवं मुद्दल, आणि त्यावर पुन्हा व्याज. कुणब्याच्या हाती पावती नाही, नक्कल नाही. खतावर अंगठा मात्र त्याचाच. ऋणकोला, म्हणजे कर्जदाराला, वाचवायला केलेल्या कायद्यानेच त्याचं कर्ज फुगवलं. (हसू नका, अजून आजच्या काळात आलो नाही.)

१८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा या धड्यातून आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात न्यायालयाला खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा मुळापासून हिशेब बघण्याचा अधिकार मिळाला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी, म्हणजे कर्ज फेडण्याच्या न्यायालयीन आदेशापायी, शेतकऱ्याला अटक करणं बंद झालं. आणि ऋणकोला पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क मिळाला. माझ्या मते या कायद्याचं खरं डोकं या तिसऱ्या तरतुदीत आहे. धमकी चालते ती हिशेब एकाच बाजूकडे असतो म्हणून.

आता आज. विनातारण कर्जाच्या दाव्याची मुदत अजूनही तीनच वर्षं. मुदतीच्या आत कर्जदाराने सही करून थकबाकी मान्य केली, की तीन वर्षं नव्याने सुरू. मुदत संपून गेल्यावर नुसती मान्यता पुरत नाही. फेडीचं नवं लेखी वचन लागतं, करार कायद्याचं कलम २५(३). म्हणून वसुलीवाला गोड आवाजात म्हणतो, "साहेब, पाचशेच भरा आणि इथे एक सही करा, फाइल बंद." ती फाइल बंद होत नाही, उघडते. सुप्याचं खत मोडणं आणि हे, फरक शोधून दाखवा.

माझी मुख्य तक्रार वेगळीच आहे. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यात ऋणकोच्या छळाची व्याख्या होती. धाक घालणं, माणसाच्या मागे मागे फिरणं, त्याच्या वस्तू वापरू न देणं, घराजवळ किंवा कामाच्या जागेजवळ घुटमळणं. किती नेमकी व्याख्या आहे बघा! वसुलीची सगळी तऱ्हा तीत आली. आज महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. विनापरवाना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद. सावकारीत लाटलेली जमीन पंधरा वर्षांच्या आतली असेल तर कलम १८ खाली जिल्हा निबंधक ती परत देववू शकतो. दात असलेला कायदा आहे.

पण तो चावतो कोणाला? बँकेचं कर्ज त्याच्या कक्षेतच नाही. बिगरबँक वित्तीय कंपन्यांचं म्हणाल, तर केरळ आणि गुजरातच्या कायद्यांवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं, की रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत. म्हणजे गल्लीतला सावकार दारात घुटमळला तर गुन्हा, कंपनीचा एजंट घुटमळला तर परिपत्रकाचा भंग.

रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं वाईट नाहीत. २००८ पासून एजंटाकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र हवं, आणि कर्जदाराची तक्रार प्रलंबित असेल तर प्रकरण एजंटाकडे देऊ नये असा नियम आहे. ऑगस्ट २०२२ पासून सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन नाही. सूक्ष्म कर्जाला नऊ ते सहा. नातेवाईक, सहकारी यांना छळायचं नाही. पण मोडलं तर रिझर्व्ह बँक बँकेला दंड करते. तो कर्जदाराला मिळत नाही. ज्याच्या सासऱ्याला फोन गेला त्याच्या हाती काय?

(चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे कलमंवाले जागे व्हा.)

'कर्ज थकलं म्हणून तुरुंग होत नाही' हे अर्धसत्य आहे. थकणं हा गुन्हा नाही, पण दिलेला चेक परतला तर चेकच्या कायद्याचं, म्हणजे परक्राम्य संलेख कायद्याचं, कलम १३८ आहे. बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे. नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात फिर्याद. हप्त्याची स्वयंचलित वजावट परतली तरी २००७ च्या पेमेंट कायद्याचं कलम २५ हेच करतं. त्या नोटिशीला केराची टोपली दाखवू नका. घर तारण असेल तर सरफेसीची, म्हणजे बँकेला तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची, साठ दिवसांची नोटीस येते. लेखी हरकत घेतलीत तर बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झाल्यावर कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला पंचेचाळीस दिवस. इथे लोक चुकतात ते एकाच प्रकारे, सगळं फोनवर बोलतात. आधी बँकेकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. धमकी असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१, पोलिसांकडे.

नवा कायदा कसा हवा, हे खरं तर आजचं व्याख्यान होतं. उरलेल्या वेळात सांगतो. अमेरिकेने १९७७ मध्येच असा कायदा केला. पहिल्या संपर्कापासून पाच दिवसांत कर्जाचा लेखी तपशील, तीस दिवसांत हरकत घेतली तर पुरावा देईपर्यंत वसुली बंद. २०२१ पासून एका कर्जासाठी सात दिवसांत सातपेक्षा जास्त फोन केले तर नियमभंग धरला जातो. आपल्याकडे 'वारंवार' असा शब्द आहे, आकडा नाही. आकडा नसला की वकील खूश. हा आकडा आणि तो तपशील उचलावा. त्यांच्या दोन चुका मात्र उचलू नयेत. तो कायदा मुख्यतः तिऱ्हाईत वसुलीवाल्यांना लागतो, मूळ कर्ज देणाऱ्याला नाही. आणि एका माणसाला मिळणारी कायद्याने ठरवलेली भरपाई १९७७ पासून एक हजार डॉलरवरच अडकली आहे. आपल्या कायद्यात बँक, कंपनी, एजंट आणि थकीत कर्ज विकत घेणारा असे सगळे एका व्याख्येत हवेत, आणि भरपाईची रक्कम महागाईशी बांधलेली. राज्यांकडून हे होणार नाही. कर्नाटकच्या २०२५ च्या कडक अध्यादेशानेसुद्धा रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्यांना वगळलं होतं. संसदेलाच करावं लागेल.

घंटा झाली. प्रश्न चिठ्ठीवर लिहून पुढे द्या, आणि कृपा करून त्यावर कर्जखात्याचा नंबर लिहू नका.